दाब उतरलेल्या चुनखडकात आडवी साइडट्रॅक विहीर: पैसा कुठे वाचतो, कुठे बुडतो

प्रश्न थोडक्यात असा. मुंबई हायसारख्या जुन्या समुद्री क्षेत्रात प्लॅटफॉर्मवरची एक विहीर थकली आहे. तिच्या ९ ५/८ इंची केसिंगला (भोकाला आतून आधार देणारा पोलादी नळ) खिडकी पाडून, म्हणजे साइडट्रॅक करून, शेलचा (चिकणमातीच्या खडकाचा) थर ओलांडून, खालच्या चुनखडकात तीन-चारशे मीटर आडवे जायचे आहे. चुनखडकाचा दाब उतरलेला आहे आणि त्यात मड (खणताना भोकात फिरवला जाणारा द्रव) गायब होतो. हे काम कमीत कमी खर्चात कसे करावे?

आधी मुळावर बोट ठेवतो. अशा विहिरीचा खर्च मीटरवर ठरत नाही, दिवसांवर ठरतो. आणि सगळ्यात जास्त दिवस ७ इंची लायनरचा (जुन्या केसिंगच्या आतून नव्या भोकात टांगायच्या नळाचा) शू, म्हणजे खालचे टोक, कुठे बसला यावर जातात किंवा वाचतात. शू बरोबर बसला तर पुढच्या चुका परवडतात. तो चुकला तर महागडे मड, महागडी अवजारे आणि हुशार माणसे मिळूनही विहीर सावरत नाहीत. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्या एका बिंदूभोवती आहे.

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये सागर सम्राट या जॅकअप (समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या) रिगने लावला आणि २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतर, पाऊणशे मीटरच्या आसपास पाणी. मुख्य साठा एल-३ नावाच्या मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. त्याचे अनेक पातळ थर आहेत, मध्ये शेलचे पडदे आहेत, काही भागांत वर वायूची टोपी आहे. १९८० च्या दशकात वर्षाला सुमारे दोन कोटी टनांपर्यंत तेल निघाले. इतके काढल्यावर दाब उतरणारच. समुद्राचे पाणी भरूनही सगळे थर सारखे भरत नाहीत. म्हणजे एका थरात पाण्याचा दाब, शेजारच्या थरात उतरलेला दाब, आणि डोक्यावर जुना, मूळ दाबाचा शेल. अडचण या शेजारातून येते.

आता आकडे. समजा चुनखडकाचा माथा समुद्रपातळीखाली उभ्या मापाने १३५० मीटरवर आहे (सोयीसाठी रिगच्या फ्लोअरची उंची सोडून देतो) आणि त्यातला दाब चौरस सेंटीमीटरला १०० किलो उरला आहे. मडची सापेक्ष घनता गुणिले उभी खोली भागिले १० केले की किलोमध्ये दाब मिळतो. निव्वळ समुद्राचे पाणी, घनता १.०३ धरली, तरी १३९ किलो होतात. म्हणजे साध्या पाण्यानेही साठ्यावर ३९ किलोचा जादा भार पडतो. वरच्या शेलला मात्र मोठ्या कोनात उभे राहायला १.२ ते १.२५ घनतेचा मड लागतो. १.२५ चा मड १३५० मीटरवर १६९ किलो देतो. फरक ६९ किलो.

हा मड घेऊन बिट, म्हणजे खणणारे टोक, चुनखडकाच्या पोकळीत घुसले तर काय होते? १०० किलोला तोलणारा १.२५ घनतेचा स्तंभ फक्त ८०० मीटरचा. बाकीचा ५५० मीटर मड खाली निघून जातो. त्या क्षणी १३०० मीटरवरच्या शेलला १६२ किलोचा आधार होता, तो ९४ वर येतो. शेल तासाभरात ढासळू लागतो, बिटच्या वर बसतो आणि बिट, ते फिरवणारी मोटर, एमडब्ल्यूडी (खणतानाच कोन-दिशा मोजून वर कळवणारे साधन) सगळे खाली अडकते. हा दैवाचा भाग नाही. हे गणित आधीच कागदावर दिसते. म्हणून शेल आणि चुनखडक एका मडने, एका भोकात खणू नये. ‘एक लायनर वाचवू’ हा सल्ला या क्षेत्रात सगळ्यात महाग पडलेला सल्ला आहे.

खिडकी पाडण्याआधी

जुन्या विहिरीची खालची भोके सिमेंटने बंद करून, ब्रिज प्लग (केसिंगमधले बूच) बसवून त्याची दाबचाचणी घ्यायची हे सगळ्यांना माहीत असते. दुर्लक्ष होते ते दोन गोष्टींकडे. पहिली, खिडकीच्या जागी केसिंगच्या मागे सिमेंट आहे का. सीबीएल (केसिंगमागच्या सिमेंटची पकड दाखवणारी मोजणी) जुना असेल तर नवा घ्या. मागे सिमेंट नसेल तर केसिंग मिलखाली (पोलाद कापणाऱ्या पात्याखाली) थरथरते, खिडकी वेडीवाकडी होते आणि नवे भोक जुन्या केसिंगला चिकटून खाली जाते. दुसरी, कॉलर. केसिंगचे जोड साधारण बारा मीटरवर येतात. सीसीएलने (हे जोड ओळखणाऱ्या यंत्राने) कॉलर शोधून खिडकी दोन कॉलरच्या मध्ये बसेल असा व्हिपस्टॉक (मिलला बाजूला वळवणारी पोलादी पाचर) ठेवा. कॉलर कापत बसलात तर मिल झिजतात आणि एक ट्रिप (पाइप बाहेर काढून परत उतरवण्याची फेरी) वाढते.

४७ पाउंडाच्या ९ ५/८ केसिंगचा ड्रिफ्ट (आतून नक्की जाऊ शकणारे माप) ८.५२५ इंच असतो, म्हणून साडेआठ इंची मिल आणि बिट त्यातून जाते. व्हिपस्टॉकचा उतार तीन अंशांचा असेल तर खिडकी सुमारे चार मीटर लांब होते. पुढे चार-पाच मीटर रॅटहोल (पुढच्या अवजारांसाठी मोकळे भोक) त्याच मिलने पाडून ठेवा आणि मिल फिरवत आणि न फिरवता दोन्ही प्रकारे खिडकीतून वर-खाली नेऊन बघा. इथे एक तास वाचवणाऱ्याला पुढे प्रत्येक ट्रिपला स्टॅबिलायझर (पाइप भोकाच्या मधोमध ठेवणारे अवजार) खिडकीत अडकवण्याची सोय होते.

काही जण अजूनही सेक्शन मिलिंग सुचवतात, म्हणजे वीस मीटर केसिंग पूर्ण खरवडून काढायचे. मीटरला ७० किलोच्या हिशेबाने तो १४०० किलो लोखंडी कीस होतो. तो वर आणायला घट्ट मड लागतो, कीस बीओपीच्या (विहिरीचे तोंड बंद करणाऱ्या झडपांच्या) खाचांत बसतो, आणि वर सिमेंट प्लग टाकून परत वळायचे राहतेच. व्हिपस्टॉकच्या खिडकीत कीस शंभर किलोच्या आसपास. खास कारण नसेल तर व्हिपस्टॉकच बरा. कीस तरीही मोजा: शेल शेकरजवळच्या (मड गाळणाऱ्या चाळणीजवळच्या) चुंबकांवर जमलेला कीस काढून वजन करा. हिशेबाच्या निम्माही आला नसेल तर उरलेला कुठेतरी बसला आहे आणि तो पुढे मोटर किंवा रबरी सील फाडणार आहे.

दिशा जायरोने (चुंबकाशिवाय दिशा सांगणाऱ्या यंत्राने) घ्या. केसिंगच्या आत आणि बाहेर पडल्यावरही काही मीटर चुंबकीय एमडब्ल्यूडी खोटे बोलते. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर शेजारची विहीर काही मीटरवर असते, त्यामुळे हा खर्च वगळण्याचा प्रश्नच नाही. ज्या शेजारच्या विहिरीजवळून जायचे आहे ती जवळ जाण्याआधी बंद करून ठेवली पाहिजे, हे ड्रिलिंगच्या नव्हे तर उत्पादनाच्या माणसांशी आधीच ठरवावे लागते.

वळण

वळणाची त्रिज्या काढायला १७१९ ला दर ३० मीटरच्या अंशांनी भागा. ३० मीटरला ५ अंश वळवले तर त्रिज्या ३४४ मीटर. खिडकीपाशी कोन ३० अंश असेल आणि ९० वर न्यायचा असेल तर लागणारी उभी खोली ३४४ च्या निम्मी, म्हणजे १७२ मीटर, आणि खणायची लांबी ३६० मीटर. म्हणून खिडकी चुनखडकाच्या माथ्यापेक्षा किमान १७५ ते २०० मीटर वर हवी. थोडी जागा राखून ठेवा, कारण मोटर दर वेळी ठरलेले वळण देत नाही. सुरुवातीला अर्धा अंश कमी पडला की शेवटी सात-आठ अंशांचा धक्का द्यावा लागतो, आणि त्याच कोपऱ्यात पुढे लायनर अडतो.

साडेआठ इंची भोकात ५ इंची पाइपभोवती मिनिटाला ५०० गॅलन दिले तर मड मिनिटाला सुमारे २६० फुटांनी वर येतो. ४० ते ६५ अंशांच्या टप्प्यात तेवढेही पुरत नाही. तिथे कटिंग्ज (खणलेल्या खडकाचे तुकडे) खालच्या कडेला थर करतात आणि पंप बंद होताच तो थर घसरतो. पाइप १२० आरपीएमच्या वर फिरला तर थर उचलला जातो. मोटर स्लाइड करताना पाइप फिरत नाही, म्हणून प्रत्येक लांब स्लाइडनंतर फिरवून साफ करा. नुसती दाट पिल (वेगळ्या द्रवाचा छोटा घोट) पाठवून समाधान मानू नका. मोठ्या कोनात दाट पिल थराच्या वरून निघून जाते. पातळ पिल आणि तिच्यामागे जड पिल, सोबत पाइप फिरता, हे जास्त काम करते.

शेलसाठी पोटॅशियम क्लोराइड, पीएचपीए आणि पॉलिओल (शेलला आवरून धरणारी रसायने) यांचा मड चालतो. पोटॅशियम क्लोराइड ५ ते ७ टक्के, आणि ते दर टूरला (कामाच्या पाळीला) मोजायचे, कारण शेल ते शोषत राहतो. सिंथेटिक ऑइल बेस मड शेल अधिक चांगला धरतो, पण कटिंग्जची विल्हेवाट आणि बॅरलची किंमत बघता तीन-साडेतीनशे मीटरच्या शेलसाठी तो बहुतेक वेळा जास्तीचा ठरतो. शेल भोकात जितके कमी दिवस उघडा राहील तितका बरा राहतो. त्यामुळे वेगाने जाऊन लवकर लायनर टाकणे हे सगळ्या रसायनांपेक्षा स्वस्त औषध आहे.

शू कुठे बसवायचा

लायनरचा शू चुनखडकाच्या माथ्याला अगदी टेकून पण आत न घुसता हवा. फार वर राहिला तर शेलचा तुकडा उघडा राहतो आणि हलक्या मडमध्ये तो आडव्या भागावर कोसळतो. एखादा मीटर आत गेला तर वर सांगितलेले ५५० मीटरचे गणित सुरू होते.

अडचण अशी की मोटरवाल्या साध्या जुळणीत गॅमा सेन्सर (खडकाचा किरणोत्सार मोजून शेल की चुनखडक ते सांगणारा) बिटच्या दहा-पंधरा मीटर मागे असतो. तो चुनखडक दाखवतो तेव्हा बिट आत जाऊन बसलेले असते. पण कोन मोठा असेल तर हे अंतर उभ्या मापात लहान होते: ८० अंशांवर १२ मीटरचे दोन मीटर, ८५ अंशांवर जेमतेम एक. म्हणून माथ्याकडे ८० ते ८५ अंशांनी तिरपे उतरा, शक्य असेल तर बिटजवळचा गॅमा घ्या, आणि शेवटच्या वीस-तीस मीटरसाठी वेग मुद्दाम कमी करून तासाला पाच मीटरवर आणा. प्रत्येक दोन मीटरला थांबून तळातला नमुना वर येईपर्यंत मड फिरवा. कटिंग्जवर आम्ल टाकून किती फसफसते ते बघा. चुन्याचे प्रमाण चढू लागले, वेग अचानक बदलला किंवा पिट (मडची टाकी) एक घनमीटरनेही उतरला की थांबा. हे थांबणे दोन-तीन तास खाते, पण न थांबल्यास आठवडा जातो.

शेजारच्या विहिरींचे लॉग पुढ्यात ठेवून माथ्यावरचे दोन-तीन ठळक खुणेचे थर आधी ठरवून ठेवा. प्रत्येक खुणेचा थर नकाशापेक्षा किती वर-खाली लागला ते लिहा आणि लक्ष्य तसे हलवा. कागदावरच्या खोलीला चिकटून राहणारा भूवैज्ञानिक आणि नकाशाच न पाहणारा ड्रिलर दोघेही शू चुकवतात. या तीस मीटरसाठी दोघांनी एकाच खोलीत बसावे.

सगळे करूनही बिट आत गेलेच आणि लॉस (मड गायब होणे) सुरू झाला, तर पहिले काम पाइप शेलच्या वर, निदान खिडकीत ओढणे. लॉसवर उपाय नंतर. अ‍ॅन्युलसमध्ये (पाइप आणि केसिंगमधल्या जागेत) वरून पाणी भरत राहा आणि किती भरले ते मोजा. ९ ५/८ केसिंग आणि ५ इंची पाइपमध्ये मीटरला सुमारे २५ लिटर बसतात, म्हणजे पाच घनमीटर लागले तर पातळी दोनशे मीटर खाली होती. पातळी किती आहे हे माहीत नसलेली विहीर वायूच्या टोपीजवळ सगळ्यात धोक्याची. पातळी पडली की तळाचा दाब उतरतो आणि वरच्या वायूच्या थराला वाट मिळते. लॉस आणि किक (वायू किंवा तेलाचा विहिरीत शिरकाव) एकाच वेळी होऊ शकतात, आणि तेव्हा मड वाढवून ते सुटत नाही. इथे शेलच्या टोकाशी, साठ्याच्या उंबरठ्यावर, सिमेंट प्लग टाकून परत थोडे वरून शू बसवणे हा सहसा सरळ मार्ग आहे.

लायनरचे सिमेंट

७ इंची २९ पाउंडाचा लायनर, त्याचा ड्रिफ्ट ६.०५९ इंच, म्हणजे पुढे ६ इंची बिट जाते. समजा लायनर खिडकीपासून ३६० मीटर खाली आणि १०० मीटर जुन्या केसिंगमध्ये. उघड्या भोकात मीटरला जवळपास १२ लिटर, म्हणजे ४.२ घनमीटर. त्यावर वीस-पंचवीस टक्के जादा धरून ५.२. लॅपमध्ये (जुन्या केसिंगमधल्या १०० मीटरमध्ये) १.३. शू ट्रॅकमध्ये (लायनरच्या तळाशी आत राहणाऱ्या भागात) अर्धा. एकूण सात घनमीटरच्या आसपास. एवढ्या छोट्या कामात पहिला आणि शेवटचा अर्धा घनमीटर दूषित झाला तरी शू कच्चा राहतो. म्हणून सिमेंट बॅच मिक्सरमध्ये एकजीव करून मगच पाठवा.

जी वर्गाच्या सिमेंटची साधी स्लरी (पाण्यात कालवलेले सिमेंट) १.९० घनतेची असते. शू चुनखडकाला टेकलेला असताना ती पाठवणे म्हणजे शेवटी साठ्यात सिमेंट घालणे. पोकळ मायक्रोस्फिअर घालून १.४० ते १.५० ची स्लरी घ्या आणि शूपाशी थोडीशीच जड स्लरी ठेवा. लायनर फिरता ठेवणारा हँगर (लायनर टांगणारे अवजार) घ्या. आडव्याच्या जवळ पोहोचलेल्या लायनरखाली मड न हलता पडून राहतो आणि तिथूनच पुढे वायू-पाण्याची वाट तयार होते. दर जोडाला सेंट्रलायझर (लायनर मधोमध ठेवणारे कडे) आणि फिरता लायनर यांचा खर्च नंतरच्या एका स्क्वीझपेक्षा (दाबाने सिमेंट भरून करायच्या दुरुस्तीपेक्षा) फार कमी असतो. या क्षेत्रात खोलीच्या मानाने तापमान जास्त, शंभर अंशांच्या वर असते. रिटार्डरची (सिमेंट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाची) चाचणी जहाजावर आलेल्या त्याच सिमेंटच्या आणि त्याच पाण्याच्या नमुन्यावर झाली पाहिजे, प्रयोगशाळेतल्या जुन्या पिशवीवर नव्हे.

आडवा भाग

इथे मड साठ्याला बंद करणारा नको. साधारण जुळणी अशी: ०.३ ते ०.५ टक्के एक्ससी (मड दाट करणारे) पॉलिमर, ३ टक्क्यांच्या आसपास प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च, ५ ते ८ टक्के बारीक दळलेला कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे एमसीसी, थोडे पोटॅशियम क्लोराइड, बायोसाइड, आणि पीएच नऊच्या आसपास. बॅराइट (मड जड करणारे खनिज) आणि बेंटोनाइट (मड दाट करणारी माती) एक किलोही नाही. आधीच्या मडचे टाकी-पाइप पूर्ण धुवून घ्या, नाहीतर टाकीच्या तळाचा बॅराइट आडव्या भागात जातो आणि तो कोणत्याही आम्लात विरघळत नाही. एमसीसीचे कण खडकाच्या मधल्या छिद्राच्या किमान एक-तृतीयांश हवेत, आणि सगळे एकाच मापाचे नकोत.

पण पोकळी बोटभर असेल तर कोणताही कण पूल बांधत नाही. तिथे एलसीएमच्या (लॉस बुजवण्याच्या भरीच्या) पिलवर पिल टाकत दोन दिवस घालवणे म्हणजे खरा पैसा पाण्यात. अभ्रक, अक्रोडाची टरफले वगैरे साठ्यात मुळीच नकोत, ते परत निघत नाहीत. दोन एमसीसी पिल टाकून बघा. नाही थांबले तर समुद्राच्या पाण्याने आंधळेपणी खणा: पाइपमधून पाणी, दर स्टँडला (जोडून ठेवलेल्या पाइपांच्या संचाला) दाट पिल, अ‍ॅन्युलसमध्ये वरून सतत पाण्याची धार. कटिंग्ज वर येत नाहीत, पोकळीत जातात. पाणी अखंड मिळाले पाहिजे, म्हणून पंपांची तयारी आधी तपासा. ही पद्धत फक्त तेव्हाच चालते जेव्हा शू बरोबर बसलेला आहे आणि वर शेल उघडा नाही. सगळे पुन्हा त्याच बिंदूवर येते.

फेस किंवा नायट्रोजन मिसळलेला हलका द्रव ऐकायला आकर्षक आहे, कारण त्याने साठ्याच्या दाबाखाली राहता येते. पण जॅकअपवर कॉम्प्रेसरला जागा हवी, परतणाऱ्या वायूला वेगळी व्यवस्था हवी, आणि वायू मिसळलेल्या स्तंभात मडच्या नाडीवर चालणारे एमडब्ल्यूडी मुके होते, त्याऐवजी विद्युतचुंबकीय लागते. शेजारच्या विहिरींत साठा बंद पडल्याचा ठोस पुरावा असेल तरच हा खर्च सुचवावा.

दाबफरकाने पाइप चिकटणे हे इथले दुसरे मोठे नुकसान. समजा १.१० चा मड आहे, फरक ४८ किलो. पाइप दहा मीटर लांब आणि पाच सेंटीमीटर रुंद पट्टीने भिंतीला टेकला, तर पाच हजार चौरस सेंटीमीटरवर २४० टन दाबले जातात. घर्षण ०.२ धरले तरी ओढायला ४८ टन. तीस मीटर टेकला तर १४४ टन, आणि मग साडेतीन इंची पाइप आधी तुटेल. म्हणून कनेक्शन (पाइप जोडणे) आणि सर्व्हेच्या (कोन-दिशा मोजण्याच्या) वेळा सेकंदांत मोजा, पाइप थांबवू नका, स्टॅबिलायझर आणि चक्राकार खाचांचे ड्रिल कॉलर (बिटमागचे जाड नळ) वापरा. आडव्या भागात जड पाइप ठेवू नका. तिथे हलका पाइप आणि जड पाइप वर, जिथे भोक उभे आहे तिथे, म्हणजे तो ढकलण्याच्या कामी येतो.

चिकटला तर ओळख सोपी आहे. पाइप थांबलेला असताना अडकला, मड मोकळा फिरतो: दाबफरक. लगेच टॉर्क देऊन वजन खाली सोडा, जारने (पाइपला हादरा देणाऱ्या अवजाराने) खाली ठोका, पंपाचा वेग उतरवा. वर ओढत बसू नका. पाइप हलत असताना अडकला आणि दाब चढला: कटिंग्ज किंवा शेल बसला आहे. इथे पंप कमी करून खाली जायचे. चुनखडकात चिकटलेल्या पाइपभोवती आम्लाची छोटी पिल टाकली तर टेकलेली भिंतच विरघळते. हा उपाय आडव्या भागात फार उपयोगी आहे, पण आम्ल आणि इन्हिबिटर (आम्लापासून पोलाद वाचवणारे रसायन) रिगवर आधीच हवेत. बोटीने मागवेपर्यंत संधी जाते.

फिशिंग (अडकलेली अवजारे बाहेर काढण्याचे काम) किती दिवस करायचे हे भावनेवर सोडू नका. अडकलेल्या अवजारांची किंमत आणि नव्याने खणण्याचा खर्च रिग-दिवसांत काढा, बेरीज करा, यशाच्या शक्यतेने गुणा. अवजारे चार दिवसांची, नवे भोक सात दिवसांचे, शक्यता तीस टक्के: ११ गुणिले ०.३, म्हणजे तीन दिवस. चौथ्या दिवशी सिमेंट. हा आकडा पाइप अडकण्याआधी कार्यक्रमात लिहून ठेवला तर निर्णय घेणाऱ्याचे हात बांधलेले नसतात. त्याच हिशेबावर रोटरी स्टिअरेबल (पाइप फिरता ठेवून वळण घेणारे यंत्र) घ्यायचे का तेही ठरते. तीन-चारशे मीटर आडव्या भागाला साधी मोटर पुरते. सहा-सातशेच्या पुढे स्लाइड करताना वजन बिटपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ते परवडते. पूर्ण लॉसच्या भागात मात्र ते हरवण्याची भरपाई मनात धरूनच भाड्याने घ्यावे.

कम्प्लिशन: जिथून मड गेला

लॉस कोणत्या मीटरवर सुरू झाला हे खणताना अचूक लिहून ठेवा. हा कम्प्लिशनचा (विहीर उत्पादनासाठी सज्ज करण्याचा) सगळ्यात मोलाचा आकडा आहे. जिथून मड गेला तिथूनच तेल येते, आणि तीच भेग पाण्याशी किंवा वायूच्या टोपीशी जोडलेली असली तर सगळ्यात आधी पाणीही तिथूनच येते. संपूर्ण भोक उघडे सोडणे स्वस्त असते, पण मग सहा महिन्यांनी पाणी आले तर बंद करायला काही हातात नसते. मधला मार्ग: साडेचार इंची छिद्रांचा लायनर, भेगेवर साधा पाइप आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेलाने फुगणारे पॅकर (नळाभोवतीची जागा बंद करणारी रबरी कडी). ते फुगायला आठवडा किंवा जास्त लागतो. भोक मापात आहे तिथेच ते बसवा. पोकळीसमोर बसवलेला पॅकर काही अडवत नाही.

आम्लाचा हिशेब बहुतेकांना उलटा वाटतो. ६ इंची ४०० मीटर भोकात ७.३ घनमीटर द्रव मावतो. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक घनमीटर सुमारे २२० किलो चुना विरघळवतो, म्हणजे एकदा भोक भरले तरी १६०० किलोची ताकद. भिंतीवरचा दोन मिलिमीटरचा थर सगळा मिळून ०.४ घनमीटरही नाही. आम्ल कमी पडत नाही. ते चुकीच्या जागी खर्च होते. हीलपाशी (आडव्या भागाच्या सुरुवातीला) थर फुटला की उरलेले सगळे तिथेच शिरते आणि टो (दूरचे टोक) तसाच बंद राहतो. म्हणून कॉइल्ड ट्युबिंग (रिळावरून सोडायची बारीक नळी) टोपर्यंत नेऊन मागे येत आम्ल सोडा, मध्ये डायव्हर्टर (आम्ल दुसरीकडे वळवणारा द्रव) द्या, किंवा तासांनी जागे होणारे सेंद्रिय आम्ल आणि स्टार्च तोडणारे एन्झाइम आधी भरून ठेवा. इथले क्रूड मेणचट आहे. आम्ल आणि त्याच विहिरीचे तेल मिसळून गाळ किंवा घट्ट इमल्शन होते का हे बाटलीत बघितल्याशिवाय पंप सुरू करू नका. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या थरांत पी-११० सारखे कडक पोलाद टाळून एल-८० वापरा.

ट्युबिंग (तेल वर आणणारी नळी) उतरवताना विहीर पाणी पीत असेल तर त्या पाण्याच्या स्तंभाला सुरक्षेचा अडथळा म्हणून मोजू नका. पातळी माहीत नसलेला स्तंभ सुरक्षा देत नाही. लायनरमध्ये परत काढता येणारा प्लग किंवा पॅकरखाली बंद होणारा फ्लॅपर (झडप) हवा, आणि अ‍ॅन्युलसची धार चालू. ट्युबिंगवर सबसरफेस सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसलिफ्टचे (वायू सोडून तेल वर उचलण्याचे) मँड्रेल, म्हणजे त्या झडपांच्या जागा, आणि पॅकर. गॅसलिफ्ट पहिल्या दिवसापासून लागणार हे धरूनच मँड्रेलच्या खोल्या ठरवा. दाब उतरलेल्या साठ्यात विहीर स्वतःहून वाहील या आशेवर वगळलेले मँड्रेल नंतर रिग परत आणून बसवावे लागतात.

शेवटी वेळापत्रक. जून ते सप्टेंबर जॅकअप हलवणे अवघड, आणि उसळत्या समुद्रात बोटीवरून माल उचलणेही बेभरवशाचे. म्हणून पावसाळ्यात रिग एकाच प्लॅटफॉर्मवर तीन-चार विहिरींसाठी उभी करा आणि मेअखेर न्हावा इथल्या पुरवठा तळावरून सिमेंट, एमसीसी, आम्ल, लायनर, व्हिपस्टॉकचा एक जादा संच असे सगळे पोहोचवा. एका विहिरीचे सिमेंट घट्ट होत असताना दुसरीवर वायरलाइनचे (तारेवर यंत्र उतरवण्याचे) काम चालू शकते का, हे प्लॅटफॉर्मच्या जागेवर अवलंबून आहे, पण विचारलेच जात नाही. रिगचे भाडे, बोटी, हेलिकॉप्टर, सेवा धरून दिवसाचा खर्च भाड्याच्या दीडपट-दुपटीवर सहज जातो. तेव्हा प्रत्येक विहिरीनंतर किती मीटर खणले यापेक्षा बिट तळावर नसताना किती तास गेले आणि कशात गेले, याची यादी करा. लायनरच्या शूची ठरलेली आणि खरी खोली तिच्या पहिल्या ओळीत लिहा.